सूर्य सर्वांचा, रोजगार कोणाचा?

सूर्य सर्वांवर सारखाच तळपतो. तो गाव पाहत नाही, वेस पाहत नाही, देशाची सीमाही पाहत नाही. मराठवाड्यावर तर तो जरा जास्तच मेहेरबान आहे. परंतु त्याच्या उन्हापासून वीज तयार करण्याचे जे काम आज जगभर सुरू आहे, त्याची वाटणी मात्र सारखी झालेली नाही. हे काम कोणत्या देशाच्या हातांना मिळावे यासाठी अमेरिका, चीन, जर्मनी, भारत या देशांत मोठी चढाओढ लागलेली आहे. अनुदाने, आयात कर, खटले ही सर्व हत्यारे तीत वापरली जात आहेत. वारंगा फाट्यावर राहणाऱ्या माणसाला ही लांबची भानगड वाटेल. परंतु आपल्या शिवारात सौर पंपाची प्लेट उभी राहिली, की ही चढाओढ आपल्या बांधावर येऊन पोचली असे समजावे.

समाजबांधवांनी आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी हा विषय समजून घेणे जरुरीचे आहे. कारण पुढील वीस-पंचवीस वर्षांत विजेच्या क्षेत्रातील नवीन कामे याच उद्योगात निघणार आहेत. ती आपल्या मुलांना कोणत्या पायरीवर मिळणार, हा खरा प्रश्न आहे.

जगातील कामाची वाटणी

ऊन, वारा, वाहते पाणी, शेतीचा काडीकचरा यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेला स्वच्छ ऊर्जा म्हणतात. कोळसा जाळल्याने होणारा धूर आणि राख तिच्यात नसते. आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात या क्षेत्रात सुमारे १ कोटी ६२ लाख लोक काम करीत होते. त्यांपैकी सुमारे ७४ लाख एकट्या चीनमध्ये होते. भारतात हा आकडा सुमारे १० लाख होता. दोन्ही देशांची लोकसंख्या जवळपास सारखी आहे. ऊन आपल्याकडे कमी नाही, काम मागणारे हातही कमी नाहीत. मग एकास सात असा फरक का पडावा?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी ही कामे नेमकी कोणती, ते पाहू. त्यांचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार म्हणजे पेटीत बंद करून जगात कोठेही पाठवता येईल अशा वस्तू तयार करण्याचे काम. सोलर प्लेट अशी वस्तू आहे. दुसरा प्रकार म्हणजे आकाराने अवाढव्य, दूरवर वाहून नेणे परवडत नाही अशा वस्तूंचे काम. पवनचक्कीचे पाते हे त्याचे उदाहरण. तिसरा प्रकार म्हणजे जागेवरच करावे लागणारे काम. खांब रोवणे, प्लेटा बसवणे, वायरिंग, दुरुस्ती, देखभाल. देशादेशांतील खरी मारामारी पहिल्या प्रकारासाठी आहे. दुसऱ्यात थोडी कमी आहे. तिसरे काम परदेशात जाऊच शकत नाही. हा भेद ध्यानात ठेवला की पुढील सर्व गोष्टी सोप्या होतात.

एका प्लेटेचा प्रवास

सोलर प्लेटेचे मूळ गारगोटीत आहे. गारगोटी मोठ्या भट्टीत वितळवून सिलिकॉन काढतात. ते अतिशुद्ध करून त्याचे ठोकळे ओततात. ठोकळ्यांच्या केसासारख्या पातळ चकत्या कापतात, त्यांना वेफर म्हणतात. वेफरवर प्रक्रिया करून सेल तयार होतो. असे साठ-सत्तर किंवा त्याहून अधिक सेल जोडून, काचेखाली बसवून, चौकट ठोकली म्हणजे प्लेट तयार झाली. यातील पहिल्या पायऱ्यांना वीज प्रचंड लागते आणि यंत्रज्ञान अवघड आहे. शेवटची जोडणीची पायरी त्यामानाने सोपी आहे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ साली या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२१ मध्ये जगातील शंभर वेफरपैकी सुमारे ९७ चीनमध्ये तयार होत होते. सेलमध्ये चीनचा वाटा सुमारे ८५ टक्के, तर प्लेटांमध्ये सुमारे ७५ टक्के होता. तयार प्लेटांत भारताचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता.

याच अहवालातील दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. चीनमध्ये प्लेट तयार करण्याचा खर्च भारतापेक्षा १० टक्के, अमेरिकेपेक्षा २० टक्के आणि युरोपपेक्षा ३५ टक्के कमी पडत होता. आता चीनमधील कामगाराचा पगार भारतातील कामगारापेक्षा जास्त आहे. तरीही माल त्यांचाच स्वस्त. म्हणजे "आमच्याकडे मजूर स्वस्त, म्हणून उद्योग आमच्याकडे येईल" हा आपल्याकडील पुढाऱ्यांचा आवडता हिशोब येथे चुकतो. चीनने वाळूपासून प्लेटेपर्यंतची सगळी साखळी आपल्या देशात उभी केली, कारखाने प्रचंड आकाराचे काढले, त्यांना स्वस्त वीज दिली आणि लाखो तंत्रज्ञ शिकवून तयार केले. २०११ नंतरच्या दहा वर्षांत तेथे या साखळीत ५० अब्ज डॉलरहून अधिक भांडवल घातले गेले आणि कारखान्यांत तीन लाखांहून अधिक कामे निर्माण झाली.

या विजयाला दुसरी बाजूही आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतात सिलिकॉनचे मोठे कारखाने आहेत. तेथे उइघुर लोकांकडून सक्तीने काम करून घेतले जाते, असा आरोप करून अमेरिकेने २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्या प्रांतातील मालावर बंदी घालणारा कायदा केला. चीन हा आरोप नाकारतो. ऊर्जा स्वच्छ असली म्हणजे ती निर्माण करणाऱ्या माणसाशी व्यवहारही स्वच्छ असतो, असे गृहीत धरता येत नाही, एवढे यातून दिसते.

जर्मनीने काय गमावले

सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर सेल १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्याचा बाजार मात्र जर्मनीने वाढविला. २००० साली जर्मनीने कायदा करून सौर विजेला वीस वर्षे ठरलेला चांगला भाव देण्याची हमी दिली. त्यामुळे तेथे कारखाने उभे राहिले. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत, जेथे जुने उद्योग बंद पडून बेकारी माजली होती, तेथे क्यू-सेल्स नावाची कंपनी निघाली. २००८ साली ती सेल तयार करणारी जगातील सर्वांत मोठी कंपनी होती. चार वर्षांनी, २०१२ च्या एप्रिलमध्ये, तिचे दिवाळे निघाले आणि ती दक्षिण कोरियाच्या हान्वा समूहाने घेतली. २०११ साली जर्मनीत सौर उद्योगात एक लाखाहून अधिक लोक कामावर होते. पुढील चार वर्षांत ती संख्या निम्म्याहूनही खाली आली. चीनचा माल इतका स्वस्त झाला होता. खुद्द चीनमध्येही या किंमतयुद्धात सनटेक या बड्या कंपनीचा वूशी येथील मुख्य कारखाना २०१३ साली दिवाळखोरीत गेला.

यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. एक, पहिला असणारा शेवटपर्यंत पहिला राहत नाही. दोन, कारखान्यातील काम पेटीतून निघून जाऊ शकते. परंतु जर्मनीच्या छपरांवर प्लेटा बसवण्याचे काम गेले नाही. उलट आज तेथे ते करणारे कारागीर कमी पडत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, त्यात परिचारिका, वाहनचालक यांच्याबरोबर विद्युततंत्रीही आहेत. अट एवढीच की काम यावे आणि जर्मन भाषा यावी.

भारत आणि अमेरिका यांचा खटला

१९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, तेव्हा आपल्याकडे डंकेल प्रस्ताव आणि "खाउजा" यांवर बरीच चर्चा झाली होती. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण म्हणजे काय, ते सौर उद्योगाने चांगलेच दाखवून दिले.

भारताने जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले. त्याखालील काही प्रकल्पांत भारतात तयार झालेलेच सेल आणि प्लेटा वापराव्यात अशी अट घातली. हेतू उघड होता. आपल्या पैशाने आपल्या लोकांना काम मिळावे. अमेरिकेने २०१३ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, की हा परदेशी मालावर अन्याय आहे. २०१६ साली भारत हरला. त्याच वर्षी भारताने उलट तक्रार केली, की अमेरिकेतील काही राज्ये स्थानिक मालाला असेच अनुदान देतात. २०१९ साली त्या खटल्याचा निवाडा भारताच्या बाजूने लागला. म्हणजे जो देश दुसऱ्याला खुल्या बाजाराचे धडे देत होता, तो आपल्या घरी तेच करीत होता.

त्यानंतर सर्वांनीच संकोच सोडला. भारताने १ एप्रिल २०२२ पासून परदेशी प्लेटांवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के आयात कर बसविला. देशात कारखाने काढणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये ४,५०० कोटी आणि २०२२ मध्ये आणखी १९,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्वच्छ ऊर्जेला प्रचंड करसवलती देणारा कायदा केला आणि जुलै २०२५ मध्ये नव्या कायद्याने त्यांतील बऱ्याच सवलतींना कात्री लावली. एका सहीने कारखाने येतात आणि दुसऱ्या सहीने थांबतात, असा हा खेळ आहे.

पुण्याच्या सुझलॉनची कहाणी

दुसऱ्या प्रकारच्या कामाचे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. तुलसी तांती या गुजरातमधील कापड व्यावसायिकाला विजेचा खर्च परवडेना, म्हणून तो पवनचक्कीकडे वळला. त्यातून १९९५ साली सुझलॉन ही कंपनी निघाली. तिचे मुख्यालय पुण्यात. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर आणि धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात तिच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

पुढे या कंपनीने अमेरिकेत माल विकायला सुरुवात केली. परंतु पात्याची लांबी एवढी, की ते भारतातून वाहून नेणे महाग पडते. म्हणून २००६ साली तिने अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील पाईपस्टोन या छोट्या गावी पाती तयार करण्याचा कारखाना काढला. पुण्याच्या कंपनीत अमेरिकेचे मजूर कामाला लागले. २००७ मध्ये तिने जर्मनीची रिपॉवर ही कंपनीही घेतली. मात्र हे सर्व कर्जावर चालले होते. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, पाईपस्टोनच्या कामगारांना घरी बसावे लागले आणि तो कारखाना बंद झाला. २०१२ मध्ये कंपनीला परदेशी रोख्यांची परतफेड करता आली नाही आणि २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी विकावी लागली. पुढे सुझलॉन भारतातील कामाच्या जोरावर पुन्हा सावरली.

म्हणजे आपला माणूस जगाच्या बाजारात उतरू शकतो, हे खरे. पण बाजार पडला की पाईपस्टोनचा मजूर असो की पुण्या-धुळ्याचा, सगळ्यांत आधी तोच रस्त्यावर येतो. म्हणून परदेशातील कामगाराला शत्रू समजण्याचे कारण नाही.

राज्याराज्यांतील चढाओढ

देशाबाहेरची स्पर्धा पाहिली, तशी देशातलीही पाहिली पाहिजे. वारी ही सोलर प्लेटा तयार करणारी बडी कंपनी मुंबईची. तिचे मोठे कारखाने गुजरातेत आहेत आणि एक अमेरिकेत टेक्सासमध्ये काढला आहे. टाटा पॉवर मुंबईची, तिचा सेल व प्लेटांचा मोठा कारखाना तामिळनाडूत तिरुनेलवेली येथे. तेथील कामगारांत मोठी संख्या महिलांची आहे. अमेरिकेच्या फर्स्ट सोलर कंपनीनेही जानेवारी २०२४ मध्ये तामिळनाडूतच कारखाना सुरू केला. कार्यालये मुंबईत आणि कारखाने इतरत्र, असे हे चित्र आहे.

फर्स्ट सोलरच्या या कारखान्याची क्षमता वर्षाला ३,३०० मेगावॅट. थेट नोकऱ्या मात्र सुमारे एक हजार. आधुनिक कारखान्यात यंत्रे जास्त आणि माणसे कमी असतात. तेव्हा उद्या एखादा असा कारखाना मराठवाड्यात आला तरी तो गावोगावच्या बेकारांना पुरेल, अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे. पण जी हजार माणसे तेथे लागतात, ती शिकलेली लागतात, हे विसरू नये.

आपल्या वाट्याला काय?

आता वारंगा फाट्याकडे येऊ. येथून नांदेड, हिंगोली आणि यवतमाळकडे रस्ते फुटतात. सोयाबीन, हळद आणि ऊस यांवर जगणारा हा भाग. आपल्या समाजातील बहुतेकांकडे जमीन नाही किंवा असली तर तुकडा. आपल्याकडे येणारे काम तिसऱ्या प्रकारचे आहे. ते आले आहे आणि वाढत आहे.

२०२३ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. सबस्टेशनजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यावयाची, ही ती योजना. तीत खाजगी जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरविण्यात आले. २०२४ मध्ये "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना आली. तीत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, इतरांनी दहा टक्के रक्कम भरावयाची आणि पुरवठादाराने पाच वर्षे दुरुस्तीची हमी द्यावयाची असे ठरले. फेब्रुवारी २०२४ मध्येच केंद्राने एक कोटी घरांच्या छपरांवर प्लेटा बसवण्याची योजना जाहीर केली.

यात जमीनदाराला भाडे मिळते, गुत्तेदाराला नफा मिळतो. भूमिहीनाला काय मिळते? प्रकल्प उभा राहताना काही महिने खड्डे खोदण्याची आणि ओझी वाहण्याची रोजंदारी. उभा राहिल्यावर एखादा रखवालदार, गवत कापणारा, प्लेटा धुणारा. शासकीय योजनेत गायरान जमिनीही घेतल्या जातात. ज्या गायरानांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तीच ही जमीन. तेव्हा जमीनही गेली आणि कामही नाही, अशी पाळी येऊ नये यासाठी ग्रामसभेत बसून विचारले पाहिजे, की कायम काम किती, कोणाला आणि कोणत्या पगारावर.

येथेच आरक्षणाचा प्रश्न येतो. पूर्वी वीज म्हटली की राज्य विद्युत मंडळ, आणि परळीसारखे सरकारी केंद्र. राज्यघटनेच्या १६ (४) कलमानुसार तेथील नोकरीत आपल्याला वाटा होता. वायरमन किंवा ऑपरेटर म्हणून लागलेल्या एका माणसाने आपल्या कितीतरी घरांत शिक्षण आणले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन सरकारी कंपन्या झाल्या, तरी तो वाटा कायम राहिला. नवी सौर वीज मात्र बहुतांशी खाजगी प्रकल्पांतून येते. तेथे आरक्षणाची सक्ती नाही. म्हणजे कोळशाकडून सूर्याकडे जाताना कामे राखीव क्षेत्रातून अनारक्षित क्षेत्रात सरकत आहेत. खाजगी क्षेत्रात प्रतिनिधित्वाची मागणी जोराने केलीच पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत मुलांना हात बांधून बसवता येणार नाही.

बाबासाहेबांची दृष्टी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहून दाखवून दिले होते, की शेतीवरील जादा माणसांचा भार उद्योगांनीच हलका होईल. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. १९४४ मध्ये मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. वीज म्हणजे नुसता घरातला दिवा, असे त्यांनी कधी मानले नाही. स्वस्त आणि मुबलक वीज, त्यावर उद्योग, त्यातून गावच्या गरिबाला शेताबाहेरचे काम, अशी ती साखळी होती. आज चीनने जे करून दाखविले त्याचे मूळ सूत्रही हेच आहे.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, ओझे वाहणारा आणि वायरिंग करणारा यांच्यामधील अंतर एका प्रमाणपत्राचे आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, वायरमन हे जुने व्यवसाय आहेतच. सोलर टेक्निशियन हा एक वर्षाचा अभ्यासक्रमही देशाच्या आयटीआय यादीत आला आहे. केंद्राने २०१५ पासून "सूर्यमित्र" नावाचे प्रशिक्षणही चालविले. प्रवेशाच्या वेळी हिंगोली, नांदेडच्या संस्थांत स्वतः जाऊन चौकशी करावी.

दुसरी, दुरुस्तीकडे लक्ष द्यावे. सौर पंपाची हमी पाच वर्षांची, प्लेटेचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे. उरलेली वीस वर्षे कंट्रोलर, मोटर आणि जोडण्या कोण दुरुस्त करणार? पुण्या-मुंबईचा माणूस त्यासाठी फाट्यावर येणार नाही. जो तरुण आज हे शिकेल, त्याच्याकडे उद्या दहा गावचे शेतकरी येतील.

तिसरी, बारावी विज्ञान झालेल्या मुला-मुलींनी पदवीचा विचार करावा. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. सेल आणि बॅटरीतील संशोधन रसायन व भौतिकशास्त्रावर चालते. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. चीनने आघाडी घेतली ती अशा शिकलेल्या मुलांच्या बळावर.

चौथी, स्वतः गुत्तेदार व्हावे. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने नवीकरणीय ऊर्जेच्या कामासाठी "महाप्रित" ही स्वतंत्र कंपनी काढली आहे. तिच्यामार्फत आपल्या तरुणांना काय मिळू शकते, याची चौकशी लेखी अर्जाने करावी आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

मंडळांनीही एक काम हाती घ्यावे. जयंतीच्या आणि वर्षावासाच्या कार्यक्रमांत दरवर्षी एक दिवस प्रशिक्षण मेळाव्यासाठी ठेवावा. गावातील सेवानिवृत्त वायरमन, महावितरणचे कर्मचारी आणि अभियंते यांना बोलवावे. विहाराच्या छपरावर प्लेट बसविण्याचे ठरले, तर ते काम आपल्याच शिकाऊ मुलांच्या हातून, जाणकाराच्या देखरेखीखाली करून घ्यावे. मुलींना आवर्जून पुढे करावे.

चीन आणि अमेरिकेतील चढाओढ आपल्या हाती नाही. आयात कर किती असावा, हे दिल्लीत ठरते. परंतु फाट्यावर सौर सामानाचा ट्रक येऊन थांबेल तेव्हा आपला मुलगा खाली उभा राहून ओझे घेणार, की हातात नकाशा आणि मीटर घेऊन काम सांगणार, हे बऱ्याच अंशी आपण आज काय शिकवतो त्यावर ठरणार आहे. या वर्षी आपल्या वस्तीतील दहावी-बारावी झालेल्या मुला-मुलींची यादी करण्यापासून सुरुवात करता येईल.